रात्रपाळीचं दुखणं

प्रति,
समोरच्या फॅब्रिकेशन शेडचे मालक

शेठ,

तुमच्या शेडमध्ये काळ्या काचेचा मास्क एकच आहे, म्हणून गल्लीत उगाच कुरबूर चालते. शटरवरचं लिंबू-मिरची दर शनिवारी ताजं असतं, हे कोणी बघत नाही.

वेल्डर होल्डर चालवतो तेव्हा हेल्पर दोन्ही हातांनी अँगल धरतो, मान वळवतो आणि डोळे मिटतो. गेट गुण्यात बसलं का, हे मात्र डोळे मिटून दिसत नाही. तो बघायला वळतो आणि नेमका तेव्हाच पुढचा टाका पडतो.

तुमचं नशीब असं, की दुखणं कामाच्या वेळेत येतच नाही. आर्कमधली अतिनील किरणं बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात, पण कळ उठते सहा ते बारा तासांनी. तोवर शटर खाली, पोरगं आपल्या खोलीवर. मध्यरात्री डोळ्यांत वाळू ओतल्यागत खुपतं, पाण्याच्या धारा लागतात, दिवा सोसवत नाही. सकाळी लाल डोळे घेऊन आला की तुम्ही मायेनं विचारता, “रात्री कुठं जागलास रे?”

औषधही तुम्हाला फुकटात पडतं: बटाट्याच्या चकत्या. फारच झालं तर तो मेडिकलमधून डोळा बधिर करणारे थेंब आणतो. दुखणं गप्प होतं. तेच थेंब पुन्हा पुन्हा घातले तर जखम भरत नाही, पण ते तर त्याचं खासगी प्रकरण! एरवी दोनेक दिवसांत डोळा निवळतो, आणि तेवढ्या खाड्यांचा पगार तुम्ही कापताच.

जत्रेतला गॉगल दिलाय म्हणता. आर्कला साधारण १० नंबरची काच लागते, शेठ. गॅस कटिंगची ५ नंबरचीही पुरत नाही.

१९४८ च्या, २०२५ पर्यंत चाललेल्या कारखाने कायद्याच्या ३५ व्या कलमात पडदे आणि गॉगल होते, तेही काम करणाऱ्यासोबत लगत असणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे माणसं चारच, त्यामुळे त्या कायद्यानं तुमचा उंबरा कधी ओलांडलाच नाही. शाळेतून येणारी पोरं तर कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. ती थांबून फुकटची दिवाळी बघतात.

कळावे,
समोरच्या बिल्डिंगमधलं गिऱ्हाईक

ता. क. गॅलरीच्या ग्रिलचं कोटेशन मिळालं. त्यात हेल्परची काच आणि रस्त्याकडचा एक पडदा जोडून द्या. ॲडव्हान्स ते दोन्ही लागल्यावर.