सेल किती टिकतो? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य: दोन नवे अल्कलाईन पेन्सिल सेल, एक पांढरा एलईडी, चिकटपट्टी, भिंतीवरचं कालनिर्णय आणि गुप्तता. प्रयोगाची वाच्यता झाली, तर सेल संध्याकाळच्या मालिकेआधीच रिमोटमध्ये गेलेले असतात.

एका सेलवर पांढरा एलईडी पेटत नाही. सेल दीड व्होल्टचा, दिव्याला तीनच्या आसपास लागतात. म्हणून सेल एकामागे एक लावा आणि एलईडीचा लांब पाय अधिककडे जोडा. पेटला नाही तर आधी पाय उलटे लागलेत का ते बघा, दुकानदाराला नंतर बोला.

आता गणित. सेलची क्षमता साधारण २००० मिलिअँपिअर-तास, दिवा खातो २०. म्हणजे १०० तास. हा आकडा पाहुण्यांना सांगायला चांगला आहे; दिव्याला तो माहीत नसतो. सेल उतरू लागला की दिवा कमी वीज घेतो, मंद होतो आणि तसाच दिवसच्या दिवस रेंगाळतो. आजोबा म्हणतात, चालू आहे. आजी म्हणते, कधीच गेला. दोघंही बरोबर असतात. त्यामुळे नियम आधीच ठरवा: अंधारात हातभर अंतरावरून कालनिर्णयातली तिथी वाचता आली नाही की दिवा बाद. वाचणारा एकच हवा आणि चष्माही तोच.

बाद सेल पत्र्यावर उन्हात ठेवण्याचा सल्ला शेजारून येईलच. उन्हानं मसाल्यातली क्रिया घटकाभर जोर धरते, सेल भरत मात्र नाही. दातानं तर मुळीच चावू नका.

खरी परीक्षा शेतात. धाराशिव जिल्ह्यात थ्री फेजची पाळी रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायला, दारं धरायला मध्यरात्री निघावं लागतं. एका हातात खोरं, दुसऱ्यात बॅटरी, पायाखाली चिखल आणि मनात साप. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात टिपेश्वरहून आलेला वाघ दिसला. तेव्हापासून मंद उजेडाच्या बाबतीत आजोबांचंही मत आजीसारखं झालं आहे. तेव्हा रानात जाताना नवेच सेल घाला आणि जोडभर खिशात ठेवा.

बाद झालेले भिंतीवरच्या घड्याळात टाका. घड्याळाला वीज फार थोडी लागते. तिथं ते आणखी काही महिने काढतात.