दोघींचा बँड कसा काढावा

टेंभुर्णी व पंचक्रोशीतल्या नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

हल्ली ‘अनप्लग्ड’ गाण्याची चलती आहे. शहरातल्या कॅफेत दोघं जण एक गिटार घेऊन स्टुलावर बसतात, माइक बाजूला सारतात आणि साधेपणाचं वेगळं तिकीट लावतात. आपल्या माढा तालुक्यात हा प्रकार फार जुना. इथं प्लगच नव्हता, त्यामुळे तो काढण्याचा प्रश्न आला नाही. समोरासमोर बसलेल्या दोन बाया, मध्ये एक वाद्य आणि पहाटेची वेळ, एवढ्यावर हा बँड घरोघर चालायचा. तो पुन्हा काढायची कुणाला हौस असेल, तर पुढच्या सूचना क्रमाने पाळाव्यात. संगीताचं पूर्वज्ञान नसलं तरी चालेल. दंडात ताकद मात्र हवी.

१. वाद्य मिळवणे

वाद्याचं नाव जातं. दगडाच्या दोन गोल तळ्या. खालची हलत नाही, वरची फिरते. मधोमध खीळ, वरच्या तळीला दाणे टाकायला तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. तारा, कातडं, बॅटरी यांपैकी काहीही लागत नाही.

दुकानात चौकशी करण्याआधी घरात शोधा. गोठ्याच्या मागे, तुळशीच्या कट्ट्यापाशी, न्हाणीच्या दाराशी पाय ठेवायला, अशा ठिकाणी ते हमखास सापडतं. पुणे-सोलापूर हायवेवरच्या ‘गावरान थाळी’वाल्या हॉटेलांच्या दारातही दिसतं, पण त्यात शोभेची झाडं लावलेली असतात. तळी दोन हव्यात. एकाच तळीवर सोलो कार्यक्रम होत नाही.

वाद्य सुरात आणायला तंबोऱ्यासारखी खुंटी पिळायची नाही, टाकी लावायची. वापरून दगड गुळगुळीत झाला की दाणे नुसते घरंगळतात. मग पाथरवट छिन्नी-हातोडी घेऊन दोन्ही तळ्यांना बारीक खाचा पाडतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. जात्याला देवपण नको असलं तरी पीठ बारीक यायचं तर घाव चुकत नाहीत. टाकी लावल्यावर पहिली मूठ-दोन मूठ दळून टाकून द्या. नाहीतर संध्याकाळी भाकरीत कचकच लागेल आणि बँड त्याच दिवशी फुटेल.

२. जोडीदार निवडणे

जाऊ, नणंद, शेजारीण, लेक, कुणीही चालेल. सासूही चालते, पण मग गाण्यांचा साठा निम्म्यावर येतो.

आवाज गोड आहे का, हे शेवटी बघा. आधी ओढ बघा. खुंटा दोघींच्या हातात असतो. एकीची ओढ तोकडी पडली की दगड अडखळतो आणि दुसरीचा खांदा भरून येतो. कुणाची ओढ तोकडी हे पहिल्याच मुठीला कळतं.

पुरुषांना प्रवेश आहे का, असं विचारलं जातं. आहे, पूर्वी एकाला मिळालेला आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईला दळणाला साथ द्यायला खुद्द विठ्ठल येऊन बसायचा, ही कथा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आपल्या जिल्ह्यातली ही सगळ्यात नामांकित जोडी. टेंभुर्णीहून करकंबमार्गे पंढरपूर गाठा आणि तिथून जवळच गोपाळपूरला जा. तिथं जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. त्या जोडीत पुढे कोण आणि मागे कोण, याकडे नवशिक्याने लक्ष द्यावं. गाणं जनाबाईचं होतं. देव नुसता खुंटा ओढायला होता.

३. बैठक आणि लय

जमिनीवर समोरासमोर बसा. एक पाय लांब, एक दुमडलेला. एक हात खुंट्यावर. तो दुखला की दुसरा. मोकळ्या हाताने मूठमूठ दाणे वैरायचे. घाईने जास्त वैरलं की भरडा पडतो, कमी वैरलं की दगडाला दगड घासतो आणि वाद्य बेसूर ओरडतं.

लय गवयाने ठरवायची नसते, धान्य ठरवतं. हरभऱ्याच्या डाळीला दगड जड जातो, ज्वारीला धावतो. आपल्या भागाची लय ज्वारीची, त्यातही शाळूची. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. उजनीचं पाणी कालव्याने आल्यापासून टेंभुर्णीकडे उसाचं रान वाढलं, हे आपल्या बँडला थोडं अडचणीचं आहे. ऊस दळता येत नाही. उसाचं संगीत वेगळं असतं. ते ट्रॅक्टरच्या टपावर मोठ्या कर्ण्यांतून वाजतं आणि दोन ट्रॉल्यांसकट कारखान्यापर्यंत जातं.

४. पहिलं गाणं

ओवी दोन ओळींची. पहिली ओळ उभी करायची, दुसरीने ती मिटवायची. एक गाते, दुसरी तेच मागून उचलते. दुसरी म्हणत असते तेवढ्या वेळात पहिलीने पुढची ओवी जुळवायची. म्हणजे जोडीदारीण कोरस तर देतेच, शिवाय तुम्हाला विचार करायला वेळ देते. हे काम जगात फार कमी माणसं करतात.

सुचत नसेल तर ओव्या मोजत गा. एकेक आकडा एकेका देवाला, आईबापाला, भावाला वाहत गेलं की दहा-बारा सहज होतात. ओळ दगडाच्या फेऱ्यापेक्षा आखूड पडली तर ‘गं बाई’, ‘सांगते बाई’ घालून लांबवा. विषय ठरलेले आहेत: माहेर, भाऊ, लेकरं, पंढरीची वाट, सीतेचा वनवास आणि घरातली माणसं. सरावासाठी एक कच्ची ओवी इथे बांधून दिली आहे:

टेंभुर्णीच्या नाक्यावरी, एसटी बाई थांबेना
भाऊराया माझा गं, फोन काही उचलेना

वाईट आहे, पण फेरा पुरा करते. शंभर वाईट ओव्यांनंतर एक चांगली येते, तोवर पीठही पुरेसं झालेलं असतं.

५. ध्वनिव्यवस्था

हा भाग नीट वाचा. बाकी सगळं यावर उभं आहे.

नवशिक्याला वाटतं, जात्याची घरघर ही गाण्याची साथ. साथ आहेच, पण तिचं मोठं काम आडोशाचं. पहाटे सगळं घर एका छताखाली झोपलेलं: सासरा सोप्यात, दीर अंगणात, सासू पलीकडच्या खोलीत जागीच. त्या घरात नव्या सुनेला मोठ्याने बोलायची सोय नव्हती. दगड फिरायला लागला की मात्र सोय व्हायची. नवरा तिरसट आहे, जाऊ कामचुकार आहे, बापाने लांब दिली आणि मग विसरला, हे सगळं त्या घरघरीत, ओवीच्या चालीत आणि सीतेचं नाव घेऊन म्हणता यायचं. पलीकडच्या खोलीत फक्त दळण ऐकू जायचं. ऐकू गेलंच, तर ती ओवी होती. ओवीचा कुणी राग धरत नाही.

दुसरं असं की, श्रोता समोरच बसलेला असतो आणि त्याचाही हात खुंट्याला असतो. टाळ्या वाजवायला तो मोकळा नाही, उठून जायलाही नाही. त्याची दाद एकच: तुमचीच ओळ तो परत म्हणतो. तुमचं दुःख समोरच्या बाईने तुमच्याच शब्दांत, स्वतःच्या गळ्यातून म्हटलं, याहून मोठी दाद कुठल्या सभागृहात मिळत नाही.

म्हणून माइक नको. माइक लावला की आडोसा गेला.

६. ख्याती आणि रेकॉर्डिंग

या क्षेत्रात नाव होत नाही, हे आधीच मान्य करून बसा. अपवाद बहिणाबाई चौधरींचा. खानदेशातल्या या शेतकरी बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेव या मुलाने आणि एका नातलगाने गाणी टिपून ठेवली, अत्र्यांनी ती वाचून उचलून धरली आणि १९५२ साली पुस्तक आलं. बहिणाबाई १९५१ सालीच गेल्या होत्या.

अमेरिकेत १९२७ साली ब्रिस्टल नावाच्या गावी कार्टर कुटुंब डोंगरातली घरगुती गाणी घेऊन रेकॉर्ड कंपनीपुढे बसलं आणि कंट्री संगीताला घराणं मिळालं. आपल्याकडे कंपनी आली नाही. दोन अभ्यासक आले. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून बायांकडून ओव्या उतरवून घेतल्या. एक लाखाहून जास्त. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणं केली आणि २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने तो खजिना लोकांपुढे मांडायला घेतला. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी डॉ. आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही आहेत. म्हणजे विषय माहेर आणि पंढरीपाशी थांबलेले नव्हते. ज्या दिवशी जे मनात असेल ते दगडावर यायचं.

तुम्हाला रेकॉर्डिंग करायचं असेल तर एक अडचण येईल. आजीला खुर्चीत बसवून मोबाइल तोंडापुढे धरलात आणि “आजी, ओवी म्हणा की” म्हणालात, तर उत्तर मिळेल: “आता कशाचं दळण आन् कशाच्या वव्या! न्हाई बाबा याद.” तिला खाली बसवा, खुंटा हातात द्या आणि समोर कुणीतरी बसा. तिसऱ्या फेऱ्याला पाठ असलेलं सगळं बाहेर येतं. गाणी हातात असतात, डोक्यात शोधून उपयोग नाही.

७. नेहमीच्या चुका

अ) जुन्या काळाचे गोडवे गाणे. पायलीभर ज्वारी दळून बघा आणि मग गा. विजेची गिरणी गावात आली तेव्हा हा बँड कुणी बंद पाडला नाही. गाणाऱ्याच उठून गिरणीच्या रांगेत उभ्या राहिल्या. रोज पहाटे मोडणारी झोप त्यांना परत मिळाली. तेव्हा गिरणीला नावं ठेवू नका. रोजचं दळण गिरणीतूनच आणा.

आ) पहिल्या दिवसापासून पुढे गाणे. निदान वर्षभर मागून उचला. मागून म्हणणाऱ्यालाच ओव्या पाठ होतात.

इ) दगड थांबल्यावर गात राहणे. दगड थांबला की ओवीही थांबवा, अर्धी असली तरी.

८. कार्यक्रम मिळवणे

हंगाम लग्नसराईचा. हळद दळायला जातं आजही मांडतात, खुंट्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात, सुवासिनी हात लावतात. बहुतेक ठिकाणी पाच फेरे झाले की फोटो काढून बाया उठतात, कारण बाहेर डीजेवाला ‘हॅलो, चेक’ सुरू करतो. हीच तुमची वेळ. त्या घोळक्यात नऊवारीतली एखादी आत्याबाई उठलेली नसते. तिच्यासमोर जाऊन बसा. “आत्या, एक होऊ द्या की” एवढंच म्हणा आणि खुंटा धरा.

९. शंका-समाधान

मानधन किती? दळाल तेवढं पीठ.

परीक्षा असते का? असते, एकच. दगड फिरत असताना समोरची तुम्हाला अशी एक गोष्ट सांगेल, जी ती चहा पिताना कधीच सांगणार नाही. ती तुम्ही तशीच मागून म्हणायची, दगड थांबल्यावर त्यातलं काही विचारायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. हे जमलं की बँड तयार झाला.

आणि बाहेरून कुणी विचारलं, “काय चाललंय गं आत एवढा वेळ?” तर दोघींनी एका सुरात सांगायचं, “दळण.”