बाई, तो सुतार नव्हे!

हुदहुदाला मी बत्तीस वर्षं सुतारपक्षी म्हणत आले. म्हणजे शिकवत आले. मैदानातल्या गवतात तुरेवाला चोच खुपसताना दिसला की अख्खा वर्ग खिडकीशी बोलवायचा नि सांगायचं, "बघा, सुतार!" हा सुतार असेल तर लाकूड सोडून गवत का तासतोय, असं एकाही कार्ट्याने विचारलं नाही.

निवृत्तीनंतर दुर्बीण गळ्यात अडकवून वेताळ टेकडीवर गेले आणि एका जुन्या विद्यार्थ्यासमोर तेच वाक्य फेकलं. तो हळूच म्हणाला, "बाई, तो हुदहुद." मग खरा सोनपाठी सुतार दाखवला. पाठ हळद माखल्यासारखी, गळा काळा नि त्यावर पांढरे ठिपके. शेपटीचा टेकू देत खोडावर सरळ चढत होता. उडाला तेव्हा कंबर काळी दिसली. ती लाल असती तर मोठा सोनपाठी. नराचं डोकं कपाळापासून लाल. मादीचं कपाळ काळं, ठिपक्यांचं, लाल फक्त मागचा तुरा. म्हणजे मळवट नवऱ्याचा, बायकोला उरलंसुरलं! लिनियसने याला १७५८ साली नाव दिलं. मला जरा उशीर झाला, इतकंच.

तशी आपल्या लोकांनी पक्ष्यांतही बलुतेदारी लावलीय. शिंपी खरंच पानं शिवतो. खाटीक टोळ मारून काट्याला टांगतो, दुकानच ते. परीट पाणवठ्यावर शेपूट आपटत असतो. तांबट मात्र दिवसभर नुसतं टुकटुक करतो, एक भांडं घडवल्याचं ऐकिवात नाही. आमच्या स्टाफरूममध्ये असे दोघे होते. घरटं विणतो नर आणि नाव सुगरण! एवढ्या गावात मास्तरीण तेवढी नाही. नाही तेच बरं.

आमच्या सोसायटीत एक वठलेला नारळ आहे. तो तोडण्याच्या अर्जावर सही घ्यायला सेक्रेटरी आले, त्याच सकाळी खोडातल्या भोकातून लाल मळवट बाहेर डोकावला. सुताराने सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, साळुंक्या बिऱ्हाड करतात. ते बिऱ्हाड आपण 'धोकादायक' म्हणून पाडतो आणि बाल्कनीत पाण्याची वाटी ठेवून पक्षिप्रेमी होतो. संताप येतो. सेक्रेटरींचा थोडा, माझा जास्त. कारण तो अर्ज मीच लिहून दिला होता, शुद्धलेखन तपासून.

सेक्रेटरी रोज सही मागतात. मी सांगते, चष्मा सापडत नाहीये. दुर्बीण गळ्यातच असते.