अंगावरचा खर्च

ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्याचा हमखास प्रश्न: कामासाठी घेतलेले कपडे खर्चात दाखवता येतील का? ॲन मॅलल्यू या बॅरिस्टरबाईंच्या खटल्यात तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. कोर्टात गडद कपडे लागतात, एरवी त्या ते घालतही नसत. 1983 साली निकाल लागला: कपडे ऊब आणि अब्रू राखायलाही लागतात, सबब ते निव्वळ कामाचे नव्हेत. विग आणि झगा खर्चात चालतो, आतलं वस्त्र नाही. म्हणजे कर वाचवायचा तर नुसत्या झग्यावर उभं राहावं! असो. हे खर्च ज्यात दाखवायचे ते कराचं ऑनलाइन विवरणपत्र 31 जानेवारीपर्यंत भरा. नाहीतर कर शून्य असला तरी उशिराचा नेहमीचा दंड 100 पौंड, आणि तोही खर्चात दाखवता येत नाही.