शनिवारचं पेट्रोल

शनिवारी तेल विकत घेऊ नये, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा हा नियम पेट्रोललाही लावतात. "तेलच ना ते?"

त्यामुळे मागे एका शनिवारी त्यांची स्कूटर फाटकातच बंद पडली आणि माझ्या दाराची बेल वाजली. "तुम्ही टाकून आणा. तुमचं काही एवढं कडक नसतं." पंप चौकातच आहे. मी स्कूटर ढकलतोय आणि अण्णा चार पावलं मागून, जपमाळेचे मणी ओढत, "डावीकडे घ्या" म्हणताहेत. दोनशेचं टाकलं. दोष लागलाच तर मला, ॲव्हरेज मात्र त्यांना. पैसे? शनिवारी लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत म्हणे.

श्रद्धा असावी, माझी काही ना नाही. पण अण्णांचं व्रत दुसऱ्यांनी पाळायचं असतं. कांदेनवमीला आमच्याकडे बसून दोन डिशा भजी हाणतात आणि तिसऱ्या दिवशी, आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की, "जिन्यात कांद्याचा वास येतोय" म्हणून सोसायटीला अर्ज देतात. कीर्तनात नाथांनी कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं की अण्णा उपरण्याने डोळे पुसतात. मे महिन्यात कुरियरच्या पोराने घोटभर पाणी मागितलं तेव्हा ते आतूनच ओरडले, "मी सोवळ्यात आहे, खाली नळ आहे!"

एकदा त्यांच्या उपवासाच्या खिचडीकडे बघून मी म्हटलं, "अण्णा, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका, हा बटाटा, ही मिरची, हे शेंगदाणे, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. समुद्र ओलांडून आलीत, प्रायश्चित्तही न घेता." अण्णांनी वाटी पुढे केली. "देवाला चालतं. थोडं दही वाढा."

देवाला काय चालतं ते अण्णांना पाठ. स्वतःला काय करायचं असतं, ते मात्र प्रारब्धावर. मेकॅनिक महिनाभर सांगत होता, ब्रेक लायनर गेलेत. अण्णांनी हँडलला नवी लिंबू-मिरची बांधली. हेल्मेट खुंटीला, कारण पत्रिकेत अपघाताचा योग नाही. तळमजल्यावरच्या आजी पंचवीस वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पायी पंढरपूरला जातात, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी जिन्यात दोनदा हटकलं, "अण्णा, पांडुरंग विटेवर उभा आहे, तुमच्या ब्रेकवर नाही." अण्णांनी नमस्कार केला. लायनर बदलले नाहीत.

मग व्हायचं तेच झालं. उतारावर स्कूटर भाजीच्या हातगाडीत शिरली. हातगाडीवाल्याचे टोमॅटो रस्ताभर, अण्णांचा पाय प्लास्टरमध्ये. भेटायला गेलो तर उशीला टेकून प्रसन्न. "जिवावरचं पायावर निभावलं. त्याची कृपा!"

"आणि त्या हातगाडीवाल्याचे टोमॅटो?"

"त्याची साडेसाती असणार."

टोमॅटोचे पैसे आजींनी दिले. माझे दोनशे अजून यायचे आहेत. मधे चार सोमवार गेले, पण सोमवारी अण्णांचं मौन असतं.