उतरायचं कुठी?

रेल्वेने अमरावतीला जाणाऱ्याला वऱ्हाडात पहिला सल्ला मिळतो तो अमरावतीला न उतरण्याचा. विभागीय आयुक्तांचं, विद्यापीठाचं, अंबादेवीचं हे गाव. पण मुंबई-हावडा मुख्य मार्ग त्याला बगल देऊन बडनेऱ्यावरून जातो. मधले आठ-दहा किलोमीटर ऑटोवाल्यांच्या भाग्याचे.

अकोल्याहून निघालो. समोरच्या धोतरवाल्या बुवांनी चौकशी केली, "कुठी चालले?"

"अमरावतीले."

"मंग बडनेऱ्याले उतरा."

"काहून? अमरावतीले ठेसन हाय ना!" वरच्या बर्थवरून आवाज आला.

"कोन्तं? जुनं का नवं?"

प्रश्न बिनतोड होता. जुन्या अमरावती स्थानकात रूळच संपतात. 'नवी अमरावती' नरखेडच्या मार्गावर. शिवाय बडनेरा. एका शहराला तीन स्टेशनं, आणि हावड्याची गाडी थांबणार ती बडनेऱ्याला!

बुवा पक्के अकोलेकर. "आमचं तसं नाई. अकोला म्हंजे अकोला. गाडी गावातच येते." खरंय. मुंबई, नागपूर, पूर्णामार्गे हैदराबाद, सगळ्या वाटा तिथं भेटतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा फलाटावरच्या पंख्याखालची जागा आरक्षणापेक्षा दुर्मिळ असते, हे मात्र बुवांनी गाळलं.

सोयींचा विषय निघाला तसे बुवा तापले. क्लोकरूममध्ये कुलूप लावलेलंच सामान ठेवून घेतात. नियम साऱ्या देशाचा. बुवांजवळ लेकीसाठी कुरडया-पापडांचं गठुडं. "आता गठुड्याले कुलूप कुठी लावू, तुमीच सांगा!" त्यांनी ते अख्खा दिवस मांडीवर सांभाळलं होतं. रिटायरिंग रूम? ती तिकीटवाल्यालाच मिळते, आणि बुवांच्या मते, ज्याला झोप येत नाही त्यालाच.

मूर्तिजापूर आलं आणि डबा हळवा झाला. इथूनच अचलपूर आणि यवतमाळकडे शकुंतला जायची. अडीच फुटी रुळांची, वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणणारी, किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीची. देश स्वतंत्र झाला, तरी तिची मालकी कंपनीकडेच राहिली. घाई असलेल्या माणसाने तिच्यात बसूच नये, असा संकेत होता. आता ती बंद आहे, त्यामुळे सगळ्यांनाच तिच्यात बसायचं असतं.

बडनेऱ्याला उतरलो. जुन्या-नव्याचा निकाल तोवर लागलेला नव्हता.

मुंबईला परतायचं असेल तर मात्र बुवांचं ऐकू नका. अमरावती एक्सप्रेस जुन्या अमरावतीहूनच सुटते. तिथंच चढा, गठुडं निवांत बर्थखाली सारा, आणि बडनेऱ्याला कोणी जागा मागू लागला की खुशाल झोपेचं सोंग घ्या.