एका आडनावाचे

आमचं कुरुद भिलाईचं. धमतरी जिल्ह्यातलं कुरुद वेगळं, आणि आमची काही पार्सलं आधी तिकडे मुक्काम करून मग इकडे येतात. बाकीचे वैतागतात, शेजारचे काका मात्र खूश होतात. "अक्षरं तीच, गाव निराळं! हे असंच असतं," म्हणतात, आणि वही काढतात.

वही म्हणजे काका नोकरीला होते त्या भिलाई स्टील प्लांटमधलं जुनं लॉगबुक. भट्टीचं तापमान लिहायच्या रकान्यांत काका इंग्रजी शब्द भरतात. एका पानावर एकच अक्षरमाळ असलेले शब्द, समोर त्यांचे अर्थ.

ही खोड लागली ती पाट्यांमुळे. 1959 साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली आणि पुढे सगळा देश भिलाईत कामाला लोटला. टाउनशिपमध्ये क्वार्टरांवर इंग्रजी पाट्या. नवखे काका सेक्टरमधून सायकल हाकत फिरायचे आणि पाटीच्या शेवटी के-ए-आर दिसलं की बेल दाबायचे. मराठी माणूस निघायचा, चहा व्हायचा, कधी पोहेसुद्धा. एकदा पाटीवर नुसतंच 'कर' होतं. नाइट शिफ्ट करून झोपलेला गृहस्थ डोळे चोळत बाहेर आला. काकांनी विचारलं, "आपण कुठले कर?" तो वर्धमानचा बंगाली निघाला. चहा मिळाला, वर संदेशही मिळाला; पण अक्षरांवरचा काकांचा विश्वास उडाला तो कायमचा.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं, कुरुदला घर झालं. इथे वाचायला पाट्या त्या किती! मग डिक्शनरी हाती आली.

काकांची मुख्य तक्रार ओ-यू-जी-एच या चार अक्षरांबद्दल. "एका आडनावाचे सगळे, पण भावकी बघ कशी! टी-एच लावलं तर 'दो', मध्ये आर घुसवला की 'थ्रू'. तोच टी नुसता लावला तर 'टफ'. सी लावला की 'कॉफ', म्हणजे खोकला. बी लावला की 'बाउ', म्हणजे फांदी. आणि डी लावला की 'डो', कणीक! चार भाऊ एका ताटात जेवायला तयार नाहीत." कारणही त्यांनी शोधून ठेवलं आहे. जुन्या इंग्रजीत या जी-एचचा घशातून 'ख'सारखा उच्चार होत असे. पुढे काहींनी तो गिळला, काहींनी त्याचा 'फ' केला. लेखन मात्र जिथल्या तिथे राहिलं. हे सांगताना काका तो 'ख' इतका मनापासून काढतात की काकू आतून कोमट पाणी घेऊन येतात.

गणपतीत पोरांनी कराओके आणलं. काकांना पुन्हा के-ए-आर दिसलं. माइक हिसकावून म्हणाले, "जपानीत 'करा' म्हणजे रिकामा. कराटे म्हणजे रिकामा हात. कराओके म्हणजे रिकामा वाद्यवृंद. हे दोघे खरे सख्खे. कर्माचा या घराण्याशी काही संबंध नाही." पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, "आणि रिकामटेकडा?" काकांनी तो वहीत घेतला नाही.

पण खरी गंमत झाली यंदाच्या श्रावणात. सकाळी काकू तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि किंचाळल्या. कुंडीमागे हातभर लांब कात पडलेली, ताजी, ओलसर, डोळ्यांच्या खवल्यांसकट. समोरचा छत्तीसगढी पोरगा काठी घेऊन धावला. "का होगे? साँप ह कोन डहर गे?"

काका चष्मा पुसत उकिडवे बसले. "स्लफ!" म्हणाले. "एस, एल आणि मग तीच चार अक्षरं. सापाची कात असेल तर 'स्लफ' म्हणायचं. आणि हेच स्पेलिंग दलदलीचं असेल तर 'स्लाउ'." असं म्हणून त्यांनी पावसाने चिखल झालेल्या गल्लीकडे बोट दाखवलं. "योग बघ, दोन्ही अर्थ एका अंगणात!"

"अहो, साप कुठाय ते बघा आधी!"

"अगं, अर्थ एक असता तर एवढं लिहिलंच नसतं," म्हणत काका वही आणायला घरात गेले. पोराने कुंड्या हलवल्या, मोरीत काठी फिरवली, लाकडं उपसली. तोवर काकांनी कात वहीच्या पानावर सेलोटेपने चिकटवलीसुद्धा. शेजारच्या रकान्यात तापमानाच्या जागी लिहिलं : उच्चार 'फ'.

साप अजून सापडलेला नाही. काकांकडे शब्द विचारायला खुशाल या, तेवढ्या निघताना चपला झटकून घाला.